सामायिक प्रकल्पात कोडची मांडणी: सुरुवातीला एवढेच सांभाळा

रत्नागिरीच्या बागायतदारांसाठी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या प्रकल्पात तुम्ही आलात, याचा आनंद आहे. मांडणीच्या नियमांची धास्ती घेऊ नका, कारण बहुतेक काम फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्रामच करतो.

१. आपली आवड बाजूला ठेवा. आपला कोड पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आहे आणि त्याची ‘पेप ८’ ही २००१ सालची मार्गदर्शिका प्रत्येक पातळीला ४ स्पेस व ओळीला ७९ अक्षरे सुचवते. आपण मात्र ‘ब्लॅक’ या फॉरमॅटरची ८८ अक्षरांची मर्यादा पाळतो. प्रकल्पातील एकसूत्रीपणा अधिक महत्त्वाचा, असे ती मार्गदर्शिकाच म्हणते.

२. दुरुस्ती आणि मांडणी एकाच कमिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या ‘गिट’मधील बदलांच्या एका नोंदीत) मिसळू नका. नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. पेटीचा दर काढणारी एक ओळ बदलायची असते, पण सेव्ह करताना एडिटर सगळी फाइल नव्याने मांडतो; मग तपासणाऱ्यासमोर शेकडो लाल-हिरव्या (काढलेल्या आणि घातलेल्या) ओळी येतात, खरा बदल त्यांत हरवतो आणि पुढे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या ‘गिट ब्लेम’मध्ये तुम्ही न लिहिलेल्या ओळींवरही तुमचेच नाव दिसते.

३. टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ टाळा. पायथन ३ त्यावर थेट ‘टॅबएरर’ देऊ शकतो.

लिंटर (कोडमधील चुका दाखवणारे साधन) आणि प्री-कमिट हुक (कमिटआधी आपोआप होणारी तपासणी) यांचे बारकावे सध्या राहू द्या. कमिट करण्यापूर्वी ‘ब्लॅक’ चालवा आणि ‘गिट डिफ’, म्हणजे काय काय बदलले ते दाखवणारी यादी, शेवटपर्यंत वाचा. (पावसाळ्यात वीज जाण्याआधी काम उरकण्याची घाई आपल्याकडे सगळ्यांनाच असते, तरीही वाचाच.)