दादाचा डाव मला का दिसत नाही?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे, दादाच्या लॅपटॉपवर डेबियन 12 ही लिनक्स. दोघांनीही ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा पटावर सैनिक लढवायचा खेळ टाकलाय. एकेकटं खेळताना काही अडत नाही, पण दिवाळीत घरच्या वायफायवर एकत्र बसलो तर त्याने मांडलेल्या डावात मला शिरताच येईना. माझी आवृत्ती 1.18 आहे, त्याची 1.16. दादा विंडोजला दोष देतो. खरं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, विंडोजचा यात काही संबंध नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही एकाच डावात बसतात. अडतं ते आवृत्तीवर. वेसनॉथमध्ये 1.14, 1.16, 1.18 अशा सम आकड्यांच्या मालिका खेळायला पक्क्या; 1.17, 1.19 या विषम आकड्यांवर काम चालू असतं. एका मालिकेतला खेळाडू दुसरीतल्या डावात बसू शकत नाही. नेटवर्कवरून जातात त्या फक्त चाली, हिशेब प्रत्येक लॅपटॉप आपापला करतो. समजा, एकाकडे धनुर्धराचा मार किंचित वाढवलेला आहे आणि दुसऱ्याकडे नाही, तर तो सैनिक एका पटावर मेलेला आणि दुसऱ्यावर जिवंत!

दादाकडे जुनी आवृत्ती आली ती डेबियनच्या शिस्तीमुळे. 1.16 ऑक्टोबर 2021 मध्ये आली, डेबियन 12 जून 2023 मध्ये आणि 1.18 मार्च 2024 मध्ये. डेबियन एकदा बाहेर पडलं की त्यातल्या आवृत्त्या सहसा बदलत नाहीत, फक्त दुरुस्त्या होतात. दादाने फ्लॅटपॅक (लिनक्सवर ॲप बसवायची वेगळी सोय) बसवून फ्लॅटहब या त्याच्या ॲप-भांडारातून वेसनॉथ घ्यावं. मग दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवा आणि खेळाच्या पहिल्या पडद्यावर तळाशी लिहिलेला आकडा जुळतोय का ते बघा.

मात्र त्याची एखादी मोहीम अर्धवट असेल तर 1.16 काढून टाकू नका. मी 1.14 वरून 1.16 वर आलो तेव्हा भाच्याची ‘हेअर टू द थ्रोन’ ही मोहीम मध्यावर होती, आणि मी जुनी आवृत्ती पुसून बसलो होतो. नव्यात त्याचा डाव धड चालेना. पोरगं दोन दिवस माझ्याशी बोललं नाही. सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात म्हणून बरं. 1.14 पुन्हा उतरवलं, आणि त्याचे एल्फ जिथे सोडले होते तिथेच उभे होते, कारण प्रत्येक मालिकेचे डाव वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात.

प्रश्न : आमच्या शाळेतले संगणक 32 बिटचे आहेत, इंटरनेटचा भरवसा नाही. मुलांसाठी 1.16 वरच राहिलो तर चालेल का?
— एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : बाई, खुशाल राहा. सगळ्या यंत्रांवर एकच आवृत्ती असली की 1.16 म्हणजे पूर्ण खेळ आहे. 32 बिटच्या यंत्रावर थेट बसवता येतं असं शेवटचं डेबियन 12 च. 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 13 ने ती सोय बंद केली. इंटरनेट फक्त बसवताना लागेल. नंतर एका संगणकावर डाव मांडायचा आणि बाकीच्यांनी त्याचा आयपी पत्ता टाकून जोडून घ्यायचं. आड फायरवॉल असेल तर 15000 क्रमांकाचं पोर्ट मोकळं करा.

जुन्या यंत्रांचा आधार सुटतो याचं मलाही वाईट वाटतं. पण 2003 मध्ये डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेला हा खेळ स्वयंसेवक आपल्या फावल्या वेळात पुढे नेतात. नवी आवृत्ती एखाद्या यंत्रावर चालते की नाही हे बघायला ते यंत्र कुणाच्या तरी टेबलावर असावं लागतं. तुमच्याकडे ती खोलीभर आहेत! काही बिघडलं तर प्रोसेसर, रॅम, आवृत्ती आणि नेमकं काय केल्यावर अडलं, एवढं साध्या इंग्रजीत लिहून कळवा. अशा चार ओळी त्यांना फार उपयोगी पडतात.

आणि मुलांना आधी दिवसरात्रीचं गणित फळ्यावर समजावून द्या. ओर्क या खेळातल्या राक्षसी सैनिकांचा मार रात्री 25 टक्क्यांनी वाढतो आणि दिवसा तेवढाच घटतो. माझा भाचा पहिले चारही डाव संध्याकाळी ओर्कांवर चाल करून हरला होता.