वाचक विचारतात: मेंदूच्या संशोधनावर भरवसा ठेवायचा कसा?

प्रश्न (सांगलीहून एक वाचक): पेपरात दर आठवड्याला काहीतरी येतं, प्रेमात पडल्यावर मेंदूचा अमुक भाग पेटतो, मोबाईलने तमुक भाग आकसतो. माझी भाची न्यूरोसायन्स शिकते, ती म्हणते यातलं बरंच कुणी परत करून बघितलं तर येतच नाही. मग हे शास्त्रज्ञ खोटं बोलतात का?

उत्तर: ताई, भाची बरोबर बोलतेय, पण मुद्दाम खोटं बोलणारे त्यात फार थोडे. तसेही प्रकार होतात, अल्झायमरवरचा 2006 चा नेचर या जर्नलमधला एक गाजलेला पेपर फोटोंमध्ये फेरफार झाल्याचं मान्य झाल्यावर 2024 मध्ये मागे घ्यावा लागला. पण मोठी अडचण वेगळीच आहे, प्रामाणिक माणसालाही जिथे काही नाही तिथे काहीतरी दिसू शकतं.

2009 मध्ये क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कॉन्फरन्समध्ये एक प्रयोग मांडला. त्यांनी मेलेला सॅल्मन मासा एफएमआरआय मशीनमध्ये (मेंदूतल्या रक्तप्रवाहाच्या बदलावरून कुठला भाग काम करतोय ते दाखवणारं स्कॅन) ठेवला आणि माणसांवर करतात तसंच सगळं केलं, त्याला माणसांचे फोटो दाखवले, फोटोतल्या माणसाला काय वाटतंय ते ओळखायला सांगितलं, आणि मग डेटा बघितला तर माशाच्या मेंदूत काही ठिपके चक्क ॲक्टिव्ह! कारण असं की स्कॅनमध्ये मेंदूचे हजारो छोटे ठोकळे पाडतात, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात, आणि प्रत्येकावर वेगळी टेस्ट लागते. समजा एक लाख व्हॉक्सेल आहेत आणि तुम्ही शंभरात पाच चुका चालवून घेताय, तर मेंदूत काहीही घडत नसताना नुसत्या योगायोगाने पाचएक हजार व्हॉक्सेल पेटलेले दिसणार. इतक्या टेस्टचा हिशोब धरून करेक्शन लावलं की मासा शांत होतो. हे करेक्शन तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं, पण बरेच पेपर ते न लावताच छापले जात होते, आणि मला खरा राग याचाच येतो.

दुसरं म्हणजे माणसं कमी. 2013 मध्ये कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी न्यूरोसायन्सच्या अभ्यासांचा हिशोब मांडला, तर स्टॅटिस्टिकल पॉवरचा, म्हणजे खरा परिणाम पकडायच्या ताकदीचा, मध्य निघाला साधारण 21 टक्के. म्हणजे परिणाम खराच असला तरी असा अभ्यास पाचातून एकदाच तो पकडणार, आणि जेव्हा पकडेल तेव्हा बहुतेक वेळा फुगवूनच दाखवणार.

आणि डेटा एकच असला तरी उत्तर एक येत नाही. 2020 मध्ये छापलेल्या एका कामात 108 जणांचा एकच एफएमआरआय डेटा 70 टीमना दिला, सगळ्यांना तीच 9 गृहीतकं तपासायला सांगितली. दोन टीमनी सुद्धा अगदी सारखी पद्धत वापरली नाही आणि काही गृहीतकांवर हो-नाही मध्ये चांगलीच फाटाफूट झाली. यात कुणाची लबाडी नव्हती, वाटेत निर्णयच इतके घ्यावे लागतात.

म्हणून बातमी वाचताना बघा की माणसं किती होती, दुसऱ्या कुठल्या लॅबने ते परत करून बघितलंय का, डेटा सगळ्यांसाठी खुला आहे का. स्वभाव किंवा बुद्धी मेंदूच्या आकाराशी जोडणारी बातमी असेल आणि माणसं पंचवीस-तीस, तर सोडून द्या, अशा कामाला हजारो माणसं लागतात हे 2022 मध्ये पन्नास हजारांच्या आसपास लोकांच्या डेटावरून दिसलंय. पण सगळंच मोडीत काढू नका हां, हात हलवला की मोटर कॉर्टेक्स, म्हणजे हालचाली सांभाळणारा मेंदूचा भाग, कामाला लागतो हे थोड्या माणसांतही पुन्हा पुन्हा दिसतं.

प्रश्न (पीएचडी करणारी एक वाचक, पुणे): माझा ईईजीचा (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूचे विजेचे सिग्नल टिपायचा) अभ्यास आहे, 18 जणांचा. सर म्हणतात दोघांचा सिग्नल खराब आहे, काढून टाक. काढलं की पी व्हॅल्यू (परिणाम नसतानाही नुसत्या योगायोगाने इतका फरक दिसायची शक्यता, ती 0.05 च्या खाली आली तर निकाल धरायचा असा रिवाज) 0.07 ची 0.04 होते. काय करू?

उत्तर: खराब सिग्नल काढणं चूक नाही गं, पण तो खराब आहे हे कधी आणि कशावरून ठरवलं यावर सगळं आहे. डोळे मिचकावल्यामुळे वा हालचालीमुळे अमुक टक्क्यांपेक्षा जास्त ट्रायल्स (प्रयोगातल्या एकेका फेऱ्या) बाद झाल्या तर तो माणूस बाद, असा नियम डेटा बघायच्या आधी लिहिलेला हवा. तुझ्या बाबतीत आकडा आधीच दिसलाय, तेव्हा आता मागे जाऊन नियम लिहिला तर तो त्या दोघांसाठीच बेतलेला असणार. पेपरमध्ये दोन्ही दे, 18 जणांचा निकाल आणि 16 जणांचा, आणि का काढले तेही लिही. सरांशी बोलताना चुकतंय असं म्हणू नकोस, "सर, रिव्ह्यूअरने (पेपर छापायच्या आधी तपासणाऱ्याने) दोघांना धरून काय येतं आणि न धरता काय येतं असं विचारलं तर आपल्याकडे तयार असू दे" असं म्हण, बहुतेक गाईड याला नाही म्हणत नाहीत.

पुढच्या अभ्यासासाठी मात्र प्लॅन आधीच ओपन सायन्स फ्रेमवर्क या वेबसाइटवर टाक, फुकट आहे, तारखेचा शिक्का बसतो. त्याहून चांगलं म्हणजे रजिस्टर्ड रिपोर्ट. 2013 मध्ये कॉर्टेक्स जर्नलने हा प्रकार सुरू केला, आता शेकडो जर्नल्स घेतात. यात डेटा गोळा करायच्या आधीच तू प्रश्न आणि पद्धत पाठवतेस, रिव्ह्यूअर तेव्हाच चुका काढतात, आणि पद्धत पटली तर निकाल काहीही येवो, ठरलेलं पाळलंस तर पेपर छापतात. पी 0.07 आली म्हणून मग कुणाला घाम फुटत नाही. वेळ लागतो हे खरं, पहिल्या रिव्ह्यूलाच काही महिने जातात, त्यामुळे फेलोशिप संपत आलेली असेल तर आत्ताच कॅलेंडर काढून सरांबरोबर बस.

आणि रॉ फाइल्स, कोड, ट्रायल्सच्या नोंदी आजच बिड्स फॉरमॅटमध्ये (मेंदूचा डेटा सगळ्यांना कळेल असा लावायची ठरलेली पद्धत) लावून ठेव. ज्यांचा डेटा आहे त्यांच्या संमतीपत्रात डेटा शेअर करायची परवानगी घेतली होती का, तेही तपास, कारण नसेल तर खुला करायच्या आधी एथिक्स कमिटीकडे जावं लागेल.