पदवी की परवाना?

प्रश्न : मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे. वैमानिक होण्यासाठी त्याने अमेरिकेतील विद्यापीठात जावे, की इथल्याच प्रशिक्षण संस्थेत? – एक पालक, नाशिक

उत्तर : शुल्काचा विचार करण्याआधी डीजीसीएच्या (नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. अमेरिकेतील नॉर्थ डकोटासारख्या विद्यापीठाच्या विमानोड्डाण पदवीमुळे तिथल्या विमान कंपनीत सहवैमानिक होण्यासाठी उड्डाणाचे १५०० ऐवजी १००० तास पुरतात. मात्र ही सवलत तिथे नोकरीचा हक्क असलेल्यालाच उपयोगी पडते. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आणि डीजीसीएच्या परीक्षा लागतात, पदवी नव्हे. परतायचेच असेल, तर आमचे मत गोंदियासारख्या इथल्या केंद्राकडे झुकते. पाहायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवून थेट हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवतात त्या शेडमध्ये, जावे, आणि उडण्याजोगी विमाने किती व तास भरायला किती महिने लागतात, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.