दहा महिन्यांची मुलगी पातळ पेजेशिवाय काही गिळत नाही, वजनही थांबलंय. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक चौतिसाव्या आठवड्यात झाली आणि सुरुवातीला तिला नळीने दूध द्यावं लागलं. आता दूध आणि पातळ पेज एवढंच घेते, भाताचं शीत जिभेला लागलं की उमासे काढते, आणि दोन महिने वजन सात किलोवर अडलंय. सासूबाई आडवी घेऊन बोंडल्याने पाजायला सांगतात. मी नाशकात आहारतज्ज्ञ आहे, अशी बाळं नेहमी बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वयाचं. ती दीड महिना लवकर आली, म्हणजे साडेआठ महिन्यांची धरा. त्या वयाला सात किलो घाबरण्यासारखं नाही, पण दोन महिने काटा न हलणं मात्र बरं नाही. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लोहाचे थेंब चालू आहेत का तेही विचारा. वेळेआधी जन्मलेल्या बाळांकडे लोहाचा साठा कमी असतो आणि रक्त कमी झालं की भूक मंदावते.

आता माझं मुख्य म्हणणं. तिचं पोट भरणं आणि तिने खायला शिकणं, ही सध्या दोन वेगळी कामं धरा. एकाच वाटीत दोन्ही साधायला गेलं की रोज रडारड होते.

पोटाचं काम तिला जमेल त्याच अन्नाने करा, फक्त ते कसदार हवं. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण 200 मिलिलिटर मावतं. ते पेजेच्या पाण्यानेच भरलं तर वजन वाढणार कसं? या वयात दुधाखेरीज वरच्या अन्नातून रोज 200 ते 300 कॅलरी लागतात. एक चमचा तुपात 45 मिळतात, म्हणून प्रत्येक वाटीत तूप घालाच.

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याची नागली, म्हणजे नाचणी, मिळते. तिला मोड आणा, वाळवा, दळा. खरपूस भाजू नका. तांदूळ-मुगडाळ चांगली घोटून चमचा उभा राहील इतकी घट्ट शिजवा, खाली उतरवा, वाफ जरा बसली की अर्धा चमचा हे पीठ घालून ढवळत राहा. काही मिनिटांत चमचा कलंडतो आणि सगळं सैल होतं, पाण्याचा थेंबही न घालता. मोडांत अमायलेज नावाचं द्रव्य असतं, ते पिठुळपणा तोडतं. भाजल्यावर ते उरत नाही. मग पुन्हा एक उकळी द्या, कोमट झाल्यावर भरवा.

शिकण्याचं काम वेगळ्या वेळी, ती खेळती असताना, चारपाच चमच्यांपुरतंच. पातळ पेजेत तरंगणारं शीत हा तिच्यासाठी सगळ्यात अवघड घास आहे, कारण पाणी आधी घशाकडे जातं आणि शीत जिभेवर राहतं. त्यापेक्षा घोटलेलं घट्ट वरण किंवा रताळं द्या. ते जमलं की काट्याने चुरडलेलं. पाठीला आधार देऊन ताठ बसवा. लहान चपटा चमचा खालच्या ओठावर टेकवा आणि थांबा. वरचा ओठ खाली आणून ती स्वतः ओढून घेईल. वरच्या हिरडीवर घासून चमचा रिकामा करू नका. नळी लागलेल्या बाळांना तोंडात घुसणाऱ्या वस्तूची धास्ती असते, ती त्याने वाढते. मान वळवली की तो चमचा संपला.

सासूबाईंची तळमळ खरी आहे, पण आडवं पाजल्याने अन्न श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. त्यांना शेजारी बसवून घ्या, ती चमचा ओढून घेते ते त्यांनाही दिसू दे. (द्राक्षांच्या दिवसांत कोणी कौतुकाने अख्खं द्राक्ष तोंडात देणार नाही, एवढं नक्की बघा.)

उमासा आवाज करतो, चेहरा लाल होतो आणि बाळ सावरतं. त्याला घाबरू नका. पण दर वेळी ठसका, खाल्ल्यावर घशात घरघर, पिताना ओठ निळे पडणं किंवा दरदरून घाम, सारखा छातीत कफ, यातलं काही असेल तर घरचे प्रयोग थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. श्वास अडला किंवा आवाजच फुटेना, तर एक मिनिटही थांबू नका. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर अशा बाळांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे, सिव्हिलमध्ये चौकशी करा. जाताना वजनाचं कार्ड घ्या आणि ती जेवतानाचा, चेहरा व मान दिसेल असा व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या. दवाखान्यात बाळं बहुधा तोंडच उघडत नाहीत.