धोका असतो, धमकी देतात

प्रश्न थोडक्यात असा. महाविद्यालयातला एक गट कल्पित राष्ट्रांची परिषद भरवतो आहे, आणि तीही मराठीतून. वीस राष्ट्रं आहेत, त्यांची एक महासभा आहे आणि एक सुरक्षा परिषद. समोरचा विषय धरणाचा. नदीच्या वरच्या अंगाच्या राष्ट्राने मोठं धरण बांधलं आहे, खालच्या राष्ट्राशी त्याचं बिनसलं आहे आणि धरणाच्या भिंतीला तडे गेल्याची बातमी आली आहे. गटाने ठरावाचं पहिलं वाक्य इंग्रजी नमुना समोर ठेवून केलं: ‘या धरणामुळे शांततेला निर्माण झालेल्या धमकीची परिषद गंभीर दखल घेते.’ एकीला ते खटकलं, तिने ‘धमकी’ खोडून ‘धोका’ लिहिलं. दुसरा म्हणाला, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत, म्हणजे त्यांच्या मूळ करारात, ‘थ्रेट’ आहे आणि थ्रेट म्हणजे धमकीच. तिसऱ्याने विचारलं, धोका म्हणजे फसवणूक ना? यात बरोबर कोण, आणि जाता जाता, ‘रिझोल्यूशन’ला ठराव म्हणायचं की प्रस्ताव?

जिला वाक्य खटकलं तिचा कान बरोबर आहे. पण खोडलेली ‘धमकी’ फेकून देऊ नका, पुढच्याच कलमात ती लागणार आहे.

दोन्ही शब्द वाक्यात कसे वागतात ते पाहा. धमकी कोणीतरी देतो. ती कोणाला तरी दिली जाते, आणि तिच्या पोटात एक ‘नाहीतर’ असतो. ‘पैसे दे, नाहीतर बघून घेईन.’ देणारा, ज्याला दिली तो आणि हा ‘नाहीतर’, यांतलं एक जरी काढलं तरी धमकी उरत नाही. धोक्याला यांतलं काहीच लागत नाही. धोका असतो, संभवतो, वाढतो, टळतो. आपण तो पत्करतोही. विजेच्या डीपीवर कवटीच्या चित्राखाली ‘धोका ११००० व्होल्ट’ अशी पाटी असते. तिथे ‘धमकी’ लिहिलं तर लहान मूलही हसेल, कारण तारेला कोणाशी वैर नसतं.

आता सनदेकडे येऊ. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सह्या झाल्या. तिच्यात ‘थ्रेट’ हा शब्द दोन महत्त्वाच्या ठिकाणी येतो. कलम २ च्या चौथ्या परिच्छेदात सदस्य राष्ट्रांवर बंधन आहे, की दुसऱ्या राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करायचा नाही आणि तशी ‘थ्रेट’ही द्यायची नाही. इथे देणारा आहे, घेणारा आहे आणि ‘नाहीतर’ही आहे. म्हणजे ही धमकी. कलम ३९ मध्ये सुरक्षा परिषदेला अधिकार दिला आहे, की शांततेला ‘थ्रेट’ आहे का, शांततेचा भंग झाला आहे का, की आक्रमण झालं आहे, हे तिने निश्चित करावं. इथे परिस्थितीकडे बोट आहे. ती कोणी मुद्दाम निर्माण केलेली असेल किंवा आपोआप ओढवलेली असेल. म्हणजे हा धोका.

इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द आहे. सनदेचे पाच मूळ पाठ सारखेच प्रमाण मानले जातात, त्यांतल्या फ्रेंचमध्ये दोन्हीकडे ‘मनास’, स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे ‘आमेनासा’ आणि रशियनमध्ये दोन्हीकडे ‘उग्रोझा’ आहे. मराठीत लिहिणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी थांबून ठरवावं लागतं, की इथे कोणी बोलतं आहे की नुसतं काही घडतं आहे. मला हे मराठीचं मोठं वैभव वाटतं. तुमच्या गटात जो वाद झाला तो इंग्रजीतून परिषद भरवली असती तर झालाच नसता, आणि कलम २ व कलम ३९ यांतला फरक कोणाच्या लक्षातही आला नसता.

हा फरक नुसता कोशातला नाही. १८ सप्टेंबर २०१४ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव २१७७ केला. आफ्रिकेतली इबोलाची साथ ज्या प्रमाणात पसरली आहे ती आंतरराष्ट्रीय शांतता आणि सुरक्षिततेला ‘थ्रेट’ आहे, असं त्यात म्हटलं आहे. विषाणू धमकी देत नाही. तिथे ‘धमकी’ लिहिणाऱ्या मराठी वार्ताहराला वाचक विचारील, कोणी दिली? उलट ८ जुलै १९९६ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अण्वस्त्रांविषयी जे सल्लादायी मत दिलं, त्यात प्रश्नच असा होता, की अण्वस्त्रांचा वापर किंवा वापराची धमकी कायद्याला धरून आहे का. न्यायालयाने म्हटलं, ज्या परिस्थितीत बळाचा प्रत्यक्ष वापर बेकायदा ठरेल, त्या परिस्थितीत तो करण्याची तयारी बोलून दाखवणंही बेकायदा आहे. इथे ‘धोका’ लिहिलं तर सगळा मुद्दाच हातातून निसटतो.

याच प्रकरणात मराठीचा तिसरा शब्द उपयोगी पडतो: धाक. धमकी एकदा दिली जाते, धाक कायम असतो. वर्गात शिरलेल्या कडक मास्तरांनी तोंड उघडायच्या आत मुलं गप्प होतात, तो धाक. अण्वस्त्रं वापरायची नाहीत पण बाळगायची, या धोरणाला इंग्रजीत ‘डिटरन्स’ म्हणतात. त्यासाठी ‘प्रतिरोधन’ वगैरे शब्द घडवण्यापेक्षा ‘अण्वस्त्रांचा धाक’ म्हणावं, कोणालाही कळतं. भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात धमकीच्या गुन्ह्याला ‘फौजदारीपात्र धाकदपटशा’ म्हटलं होतं, म्हणजे कायद्याच्या भाषेलाही हा शब्द परका नाही.

‘धोका म्हणजे फसवणूक’ म्हणणाऱ्या मित्राला चुकीचं ठरवू नका. हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूकच, आणि मराठीतल्या धोक्याला तिथे ‘खतरा’ म्हणतात. हिंदीच्या सहवासाने ‘त्याने मला धोका दिला’ हे मराठीतही रुळलं आहे. पूर्वी अशा ठिकाणी आपण ‘दगा दिला’ म्हणत असू, आणि ते अजूनही जिवंत आहे. ओळखायची खूण क्रियापदात आहे. धोका ‘दिला’ तर फसवणूक, धोका ‘आहे’ तर संकट. म्हणून ठरावात ‘शांततेला धोका देणारे राष्ट्र’ असं कधीही लिहू नका, ‘शांतता धोक्यात आणणारे राष्ट्र’ लिहा. दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचून पाहा. पहिल्यात शांतता फसवली गेलेली ऐकू येते.

एका ठिकाणी मात्र मराठीला जपून चालावं लागतं. सनदेच्या सहाव्या प्रकरणात, कलम ३३ आणि ३४ मध्ये, वाद चालू राहिल्याने शांतता ‘धोक्यात येण्याचा संभव’ असेल तर काय करायचं ते आहे: वाटाघाटी, मध्यस्थी, लवाद, चौकशी. सातव्या प्रकरणात, कलम ३९ पासून पुढे, धोका ‘आहे’ असं निश्चित झाल्यावर काय करायचं ते आहे: कलम ४१ खाली आर्थिक निर्बंध, आणि ते अपुरे ठरले तर कलम ४२ खाली लष्करी कारवाई. इंग्रजीत या दोन पायऱ्यांना दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत दोन्हीकडे धोकाच येतो. कोल्हापूरकरांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की ती इशारा पातळी, ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. इशाऱ्याला लोक सामान बांधतात, धोक्याला घर सोडतात. (कलमाचा आकडा आणि इशाऱ्याचा आकडा एकच आला आहे, तो योगायोग. गल्लत करू नका.) सहावं प्रकरण म्हणजे इशारा पातळी आणि सातवं म्हणजे धोका पातळी, असं मनात धरा आणि ‘धोक्यात येण्याचा संभव’ व ‘धोका आहे’ यांत कधीही सरमिसळ होऊ देऊ नका. तुमच्या परिषदेत कोणीतरी नक्की विचारील, की आपण अजून ३९ फुटांवर आहोत की ४३ वर. तो प्रश्न त्या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असेल.

कारण धोका या शब्दाला कर्ता लागत नाही, म्हणून तो पसरतो. ३१ जानेवारी १९९२ रोजी सुरक्षा परिषदेची राष्ट्रप्रमुखांच्या आणि पंतप्रधानांच्या पातळीवरची बैठक झाली. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य होता आणि पंतप्रधान नरसिंह राव तिथे होते. रामटेकचे माजी खासदार आणि उत्तम मराठी जाणणारे राव त्या टेबलापाशी बसले होते, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. आर्थिक, सामाजिक, मानवतावादी आणि पर्यावरणीय अस्थैर्य हेही शांततेला धोका आहे, असं त्या बैठकीच्या निवेदनात आलं. पुढे २८ सप्टेंबर २००१ च्या ठराव १३७३ ने दहशतवादाला होणारा पैशाचा पुरवठा रोखणारे कायदे सगळ्या राष्ट्रांनी करावेत असं बंधन घातलं. २८ एप्रिल २००४ च्या ठराव १५४० ने महासंहारक शस्त्रं बिगर-सरकारी गटांच्या हाती पडू नयेत म्हणून तसंच केलं. एका विशिष्ट भांडणावर निर्णय देणारी परिषद साऱ्या जगासाठी कायदे करू लागली, आणि त्याला भारतासह अनेक देशांनी आक्षेप घेतला. परिषदेतल्या पंधरा सदस्यांनी ‘धोका आहे’ म्हटलं की उरलेल्यांच्या संसदांनी कायदे करायचे, हे त्यांना खुपलं. माझ्या मते तो आक्षेप रास्त होता. म्हणून तुमच्या ठरावात ‘धोका’ लिहिलात की लगेच पुढे कशाचा, कोणाला आणि कशावरून, ही तिन्ही उत्तरं लिहा.

आता ठराव की प्रस्ताव. मराठीत ठराव. हिंदीत मांडलेल्या आणि मंजूर झालेल्या, दोन्हीला ‘प्रस्ताव’ चालतो, तिथे ‘भारत छोड़ो प्रस्ताव’ म्हणतात. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर झाला तो आपल्याकडे ‘भारत छोडो’चा ठराव. मात्र ‘मंजूर होण्याआधी प्रस्ताव, नंतर ठराव’ हा नियम मी सांगणार नाही, कारण आपण तसं बोलत नाही. अविश्वास ठराव मांडलाही जातो आणि फेटाळलाही जातो. ग्रामसभेच्या ठरावबुकात पाहा: ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन असे ठरले की…’, खाली सूचक, अनुमोदक, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. मंजुरीआधीच्या कागदाला ‘ठरावाचा मसुदा’ म्हणा, गोंधळ मिटला.

ठरावबुकातल्या त्या ‘असे ठरले की’कडून आणखी एक गोष्ट घ्या. संयुक्त राष्ट्रांचा ठराव म्हणजे पानोपानी चालणारं एकच वाक्य असतं. सुरुवातीला ‘सुरक्षा परिषद’ हा कर्ता आणि मग प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी एक क्रियापद. मराठीचं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे तो साचा जसाच्या तसा उचलला तर वाक्य लंगडतं. परिच्छेद स्वतंत्र वाक्यांचे करा.

क्रियापदांचं वजनही तपासा. ‘डिसाइड्स’ म्हणजे ठरवते, आणि कलम २५ मुळे सुरक्षा परिषदेने ठरवलेलं सदस्यांवर बंधनकारक असतं. ‘कॉल्स अपॉन’ला आवाहन करते. ‘डिमांड्स’ला मात्र ‘मागणी करते’ लिहू नका. मराठीत मागणी खालून वर जाते: कामगार मालकाकडे, मोर्चा सरकारकडे. परिषद मागत नसते, बजावत असते. ‘निक्षून बजावते’ लिहा. तुमच्या महासभेचे ठराव बंधनकारक आहेत का, हेही आधी ठरवून घ्या. नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळातल्या जागतिक सभेचे ठराव सदस्य राष्ट्रांना बांधतात. खऱ्या महासभेचे ठराव, तिचा अंतर्गत कारभार सोडला तर, शिफारशी असतात. तसं असेल तर महासभेच्या तोंडी ‘बजावते’ शोभणार नाही.

तुमचा मसुदा मी असा केला असता:

‘सुरक्षा परिषदेपुढे आलेल्या माहितीवरून असे दिसते की धरणाच्या भिंतीला तडे गेले असून खालच्या खोऱ्यातील वस्तीला पुराचा धोका आहे. पाणी सोडून शेती बुडवू, अशी धमकी वरच्या राष्ट्राने दिल्याचीही परिषद नोंद घेते आणि तिचा निषेध करते. या दोन्हींमुळे प्रदेशातील शांततेला धोका निर्माण झाला आहे, असे परिषद निश्चित करते. धरणाची तपासणी त्रयस्थ अभियंत्यांकडून व्हावी असे परिषद ठरवते, आणि ती पुरी होईपर्यंत दरवाजे उघडू नयेत असे वरच्या राष्ट्राला निक्षून बजावते. हा विषय परिषद पटलावर खुला ठेवते.’

दरवाजांचं वाक्य मात्र धरण बांधणाऱ्या एखाद्या अभियंत्याला दाखवून घ्या. भिंतीला तडे असताना पाणी अडवून ठेवणं हाच मोठा धोका असू शकतो, आणि तसं असेल तर ‘उघडू नयेत’च्या जागी ‘खालच्या राष्ट्राला आगाऊ कळवूनच उघडावेत’ असं लिहावं लागेल.