आईचा आणि मावशीचा स्तनाचा कर्करोग वेगळ्या प्रकारचा, तरी कारण आनुवंशिक असू शकतं का?

आईच्या गाठीचा रिपोर्ट हार्मोन पॉझिटिव्ह (गाठ हार्मोनच्या जोरावर वाढणारी) आणि मावशीचा ट्रिपल निगेटिव्ह (दोन हार्मोनचे ग्राहक आणि वाढीला चालना देणारं हर-२ प्रथिन, यांपैकी काहीच न आढळणारी), म्हणजे हे आनुवंशिक नसणारच, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं धरू नका. मी जनुकीय समुपदेशन करते. याच समजापायी तपासणी टाळलेली कुटुंबं पाहिली की जीव तुटतो.

डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले, तर ते बिनचूक जोडायला बीआरसीए-१, बीआरसीए-२ आणि पीएएलबी-२ ही जनुकं लागतात. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात. एक जन्मतःच सदोष असली तरी दुसरीवर भागतं. स्तनातल्या एखाद्या पेशीत तीही निकामी झाली, की तुटलेली टोकं कशीबशी जोडली जातात आणि चुका साचत जातात. ओलापरिबसारखी औषधं नेमका याचाच फायदा घेतात: दुरुस्तीची आणखी एक वाट अडवली की गाठीतल्या पेशी मरतात. एक चांगली प्रत शाबूत असलेल्या निरोगी पेशी मात्र बऱ्याच अंशी तगतात.

जन्मजात दोष कोणत्या जनुकात आहे, यावर गाठीचा स्वभावही बराचसा ठरतो. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांच्या सुमारे ७० टक्के गाठी ट्रिपल निगेटिव्ह निघतात. बीआरसीए-२ आणि चेक-२ या जनुकांतल्या दोषात हार्मोन पॉझिटिव्ह जास्त, तर टीपी-५३ या जनुकातल्या दोषात हर-२ पॉझिटिव्ह बऱ्याचदा दिसतो. पण हा नुसता कल आहे. बीआरसीए-२ मध्येही ट्रिपल निगेटिव्ह होतो, त्यामुळे दोघी बहिणींत एकच दोष असणं अगदी शक्य आहे. दोघींपैकी एकीचाच आजार आनुवंशिक असणंही शक्य आहे.

या दोषांपलीकडे, सर्वसामान्य जनुकीय फरकांचाही यात हात असावा. स्टॅनफर्डच्या क्रिस्टिना कर्टिस यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवलं, की हर-२ सारख्या जनुकातल्या वारशाने आलेल्या फरकांमुळे प्रतिकारशक्तीला कर्करोगाची पेशी लवकर ओळखू येत असेल, तर त्या प्रकारचा कर्करोग होण्याची शक्यता कमी होते. मात्र त्या पहाऱ्यातूनही निसटलेली गाठ जास्त आक्रमक असते. मला हे फार मोलाचं वाटतं.

तपासणी आधी आईची किंवा मावशीची करा, तुमची नंतर. घरातला दोष माहीत नसताना तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर त्यावरून निर्धास्त होता येत नाही. आईत दोष सापडला, तर तो तुमच्यात असण्याची शक्यता ५० टक्के. भावाचीही तेवढीच, आणि त्याच्याकडून तो त्याच्या मुलींकडे जाऊ शकतो.