मडक्यातून बाहेर, पण अजून बापाच्या जिवावर

पाऊस ओसरला की या सदराकडे फिंचच्या, म्हणजे पिंजऱ्यात पाळायच्या चिमुकल्या दाणेखाऊ पक्ष्यांच्या, पिल्लांची पत्रं सुरू होतात. यंदा त्यांतली बहुतेक पिल्लं मडकं, म्हणजे घरट्यासाठी पिंजऱ्यात ठेवलेलं भांडं, सोडून नुकतीच बाहेर आलेली आहेत, आणि त्यांच्यापेक्षा त्यांचे मालक जास्त घाबरलेले आहेत.

प्रश्न : आमच्या झेब्रा फिंचच्या जोडीला चार पिल्लं झाली. परवा तीन मडक्यातून बाहेर पडली, तेव्हापासून पिंजऱ्याच्या तळाशीच बसून आहेत. दाण्यांच्या वाटीकडे बघतही नाहीत. सासूबाई म्हणतात, उचलून परत आत ठेव. मुलगा म्हणतो, सिरिंजने नाचणीसत्त्व भरवू. कोणाचं ऐकू? (एक वाचक, मिरज)

उत्तर : सासूबाईंचं थोडंसं ऐका. मुलाच्या हातातली सिरिंज मात्र आधी काढून घ्या.

झेब्रा फिंचचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर साधारण 18 ते 21 दिवसांनी मडकं सोडतं. तेव्हा पंख फडफडवण्यापुरते तयार असतात, पण दाणा सोलणं त्याला जमत नाही. पुढचे दोन-तीन आठवडे ते आईबापांच्या चोचीतूनच खातं, आणि पुष्कळदा यातला मोठा वाटा बाप उचलतो. तुमचा नर वाटीवरून पिल्लाकडे आणि पिल्लाकडून वाटीकडे अशा खेपा घालत असेल तर सगळं ठीक आहे. त्याला त्याचं काम करू द्या.

पिल्लांची मागण्याची तऱ्हा बघून नवखी माणसं दचकतात. चिमणीचं पिल्लू पंख थरथरवत मागतं. फिंचचं पिल्लू खाली दबून बसतं, मान पिळल्यासारखी उलटी वळवतं आणि चोच वर उघडतं. मान मुरगळली म्हणून डॉक्टरांकडे धावू नका.

पोट भरलंय का हे बघायची सोपी खूण आहे. संध्याकाळी अंधार पडायच्या आधी पिल्लू अलगद मुठीत घ्या आणि मानेच्या बाजूची पिसं हलकेच फुंका. पातळ कातडीखाली साठवलेले दाणे चक्क दिसतात. दिसले की पिल्लू ठेवून द्या आणि चहा प्यायला जा. दाणे नाहीत, पिल्लू पिसं फुलवून डोळे मिटून बसलंय आणि बापही फिरकत नाही, असं असेल तरच माणसाने मध्ये पडायचं; तेही पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला विचारून. एवढ्याशा जिवाला सिरिंजने भरवताना पातळ पीठ श्वासनळीत जायला क्षणही लागत नाही. गारठलेल्या पिल्लाला तर आधी ऊब द्यायची, मग अन्न. थंड अंगात अन्न पचत नाही.

आता सासूबाईंचा मुद्दा. दिवसा पिल्लाला आत कोंबून उपयोग नाही, ते पुन्हा उडी मारणार. पण पहिल्या काही रात्री त्यांना मडक्याचं तोंड सापडत नाही, आणि तळाशी बसलेलं पिल्लू पहाटेच्या गारव्यात आखडतं. म्हणून दिवेलागणीला उचलून आत ठेवा. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकतात, हे खरं नाही.

एक दांडी तळापासून चार बोटांवर बांधा. आंघोळीचं खोलगट भांडं काढून टाका, नाहीतर पिल्लू त्यात बुडेल. पसरट बशीत खडे ठेवून जेमतेम नखभर पाणी पुरे.

प्रश्न : पिल्लं असताना जोडीला काय खायला द्यावं? दुकानातली पाकिटं महाग पडतात. घरात उपवासाची भगर असते, ती चालेल का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : भगर खातील, पण ती सडलेली, म्हणजे टरफल काढलेली असते. तिच्यावर वाढलेल्या पिल्लांना दाणा सोलायचा सराव होत नाही, आणि ती भिजवली तरी मोड येत नाहीत. टरफलासकट राळे आणा. पक्ष्यांच्या दुकानात कांगणी म्हणून मागितलं की मिळतं. सोबत टरफलाची वरी आणि थोडी बारीक बाजरी. कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. त्यावर औषध चोळलेलं असतं. गुलाबी-लाल रंग त्याचाच.

पिल्लांसाठी खरी गंमत मोडांत आहे. राळे रात्रभर भिजवा, सकाळी खळखळून धुवा आणि चहाच्या गाळणीत ओलसर ठेवा. पांढरं टोक फुटलं की द्या. दाणा मऊ झालेला असतो, बापाला भरवायला सोपा आणि पिल्लाला चावायलाही. आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या. बुरशीने पिल्लं फार लवकर जातात.

प्रथिनांसाठी अंडं. पूर्ण कडक उकडून कवचासकट बारीक कुस्करा आणि चमचाभरच ठेवा. आमच्या साताऱ्याच्या उन्हाळ्यात मी दोन तासांनी उरलंसुरलं उचलते, कोकणात त्याआधीच उचला. शुद्ध शाकाहारी घरांतून यावर नाराजीची पत्रं येतात. त्यांना माझं सांगणं एवढंच की ही पिल्लं दोन-तीन आठवड्यांत चिमटीएवढ्या मांसाच्या गोळ्यापासून पिसांपर्यंत पोचतात, आणि ते नुसत्या कोरड्या दाण्यांवर धड होत नाही. अंड्याला मुंग्या लागतात, म्हणून पिंजरा स्टँडवर असेल तर त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस कायम टांगलेला असू द्या. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. कोथिंबीर, शेवग्याचा पाला, फवारणी न झालेल्या गवताची हिरवी कणसं यांतलं रोज थोडं. पालक क्वचित. दूध-पाव, खारे शेंगदाणे, चॉकलेट, ॲव्होकॅडो यांपैकी काहीही नको.

राळ्याचं अख्खं कणीस मिळालं तर ते तळाशी आडवं ठेवा. बाप त्यावर टोचा मारतो, पिल्लं त्याच्या शेजारी बसून नक्कल करतात. पहिले काही दिवस नुसता चाळाच असतो, दाणा चोचीत घोळवायचा आणि टाकायचा. आणि हो, वाटी भरलेली दिसते म्हणून फसू नका. फिंच दाणा खाऊन टरफल तिथेच टाकतो. सकाळ-संध्याकाळ वाटीवर फुंकर मारा, खाली काय उरलंय ते कळेल.

प्रश्न : माझी पिल्लं महिन्याची झाली. मादीने त्याच मडक्यात पुन्हा अंडी घातली आहेत आणि नर पिल्लांच्या मागे लागतो. मित्र म्हणतो, आत्ताच वेगळी कर, दुकानदार घ्यायला तयार आहे. (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : महिन्याचं पिल्लू विकू नकोस, मित्र काहीही म्हणो. कॅलेंडरपेक्षा चोचीकडे बघ. झेब्रा फिंचच्या पिल्लाची चोच काळी असते. पाचव्या आठवड्याच्या सुमारास ती मुळापासून नारिंगी व्हायला लागते. पिल्लू स्वतः दाणे सोलताना दिसलं, बापाकडे मागायचं थांबलं आणि चोचीचा काळा रंग ओसरला, की वेगळं करायचं. साधारण सहा आठवडे धर.

घाई न करण्याचं आणखी एक कारण आहे. फिंचमध्ये गातो तो नर, आणि गाणं तो बापाकडून शिकतो. साधारण 25व्या दिवसापासून तीनेक महिन्यांपर्यंत हे शिकणं चालतं. आधी नुसती चिरचिर ऐकू येते, मग हळूहळू बापाची चाल लागते. लवकर तोडलेल्या पोराचं गाणं अर्धवट राहतं. त्यामुळे वेगळा पिंजरा केलास तरी तो बापाच्या पिंजऱ्याला खेटून ठेव.

नर हुसकावतोय ते नव्या अंड्यांपायी. पिंजऱ्यात जागा असेल तर पिल्लांसाठी दुसऱ्या टोकाला वाटी-पाणी मांड. पिसं उपटण्यापर्यंत प्रकरण गेलं तर मध्ये जाळी घाल, म्हणजे जाळीतूनही तो भरवू शकेल. या अंड्यांनंतर मात्र मडकं काढून टाक आणि मादीला काही महिने विश्रांती दे. एकामागून एक विणींमुळे तिच्या अंगातलं कॅल्शियम संपतं, आणि अंडं अडकून माद्या मरतात. याच पिल्लांची आपसात जोडी लावू नकोस. दुसरीकडचा जोडीदार आणलास तरी सहा-आठ महिन्यांच्या आत मडकं देऊ नकोस.

प्रश्न : आठवडी बाजारातून मुलीसाठी मुनियांची जोडी घेतली. एक लाल, एक हिरवी. आंघोळ केल्यावर हिरवीचा रंग पाण्यात उतरला. यांची पिल्लं झाली तर कशी वाढवावी? (एक वाचक, जालना)

उत्तर : वाढवू नये. झेब्रा फिंच मूळची ऑस्ट्रेलियाची आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेली. मुनिया आपल्या माळावरची, जाळ्यात धरून आणलेली. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. रंगवून विकणं ही या धंद्यातली जुनीच चलाखी, आणि रंगवलेले पक्षी फार दिवस जगत नाहीत. स्वतःच्या मनाने सोडून देऊ नका. रंग लागलेला, अशक्त पक्षी मांजराच्या तोंडी जाईल. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवून जोडी त्यांच्या ताब्यात द्या, आणि बाजार कुठला, वार कोणता, तेही सांगा.